लाखाच्या खाली

"रिपोर्ट अगदी स्वच्छ आहे," डॉक्टर हेर्लेकर म्हणाले आणि तो कागद त्यांनी माझ्यापुढं न ठेवता माझ्या नवऱ्यापुढं सरकवला. "यांना काहीही झालेलं नाही."

मी मान वाकडी करून वाचलं. लघवीच्या तपासणीचा तो आठवा कागद होता आणि आठव्यांदा त्यावर तेच लिहिलेलं होतं. वाढ नाही. म्हणजे जंतूंची वाढ नाही.

"मग जळतं कशानं?" मी विचारलं.

"दिवसातून किती वेळा जावं लागतं?"

"काल एकवीस वेळा."

"मोजता तुम्ही?" ते यांच्याकडे बघून हसले. "बघा सर, मोजतात त्या! माझं म्हणणं तेच आहे. सगळं लक्ष सारखं तिकडंच. मुलगा कुठं असतो तुमचा?"

"पुण्याला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला," हे म्हणाले.

"मग झालं तर. घर रिकामं झालं की या वयात बायकांचं असं होतं. शरीरात काही नसतं, डोक्यात असतं. कुणीतरी आपल्याकडं बघावं, एवढंच हवं असतं त्यांना. चार दिवस कुठंतरी फिरवून आणा. मी झोपेची गोळी देतो."

मी पर्समधून वही काढली आणि लिहायला लागले. ठरवून नाही. समोर कुणी बोलत असलं की माझा हात आपोआप चालतो.

"काय लिहिताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही बोलताय ते."

"लिहा, लिहा. रोज सकाळी वाचत जा."

ही दोन हजार सहामधली गोष्ट. मी चारुशीला कोठावळे, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि आमच्या तालुक्याच्या कोर्टात स्टेनो होते. अठरा वर्षं साक्षीदारांचे जबाब लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि टाइप करून द्यायचे, हे माझं काम. माणूस रडत बोलो, खोटं बोलो, अर्धं गिळून बोलो, त्याच्या तोंडातून निघाला तोच शब्द कागदावर गेला पाहिजे, एवढं मला पक्कं माहीत होतं.

दुखणं अडीच वर्षांचं होतं. सुरुवातीला गोळ्यांचा एक कोर्स झाला, आठ दिवस बरं वाटलं, परत सुरू. मग दुसरा कोर्स. मग तपासणीत काही निघेना, म्हणून गोळ्या बंद. जळजळ मात्र बंद झाली नाही. ओटीपोटात कुणीतरी निखारा ठेवून दिल्यासारखं वाटायचं. लग्नाला जायचं सोडलं, एसटीनं जायचं सोडलं, सकाळपासून दुपारपर्यंत पाणी प्यायचं सोडलं. आमच्या कोर्टात बायकांचं स्वच्छतागृह मागच्या अंगाला होतं आणि त्याची किल्ली पट्टेवाल्याकडं असायची.

त्या जूनमध्ये एका खुनाच्या खटल्यात उलटतपास चालला होता. साक्षीदार बोलत होता आणि मी लिहीत होते. तासाभरानं मला कळलं की आता धरवणार नाही. उलटतपास चालू असताना स्टेनोनं उठायची पद्धत नाही. वकिलांचा एक प्रश्न, साक्षीदाराचं एक उत्तर, असं करत आणखी चाळीस मिनिटं गेली. कोर्ट उठलं, सगळे बाहेर गेले, तरी मी खुर्चीतच बसून राहिले. उठणं शक्यच नव्हतं. गर्द निळी साडी होती म्हणून निभावलं. शेवटी खुर्ची मीच पुसली.

त्यानंतर मी अर्ज केला, की मला दर तासाला पाच मिनिटं उठायची परवानगी मिळावी. अधीक्षकांनी डॉक्टरांचा दाखला मागितला. तोच आणायला आम्ही हेर्लेकरांकडं गेलो होतो. गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मूत्रविकाराचे ते एकटेच मोठे डॉक्टर.

त्यांनी दाखला दिला. त्यात लिहिलं होतं, 'शारीरिक आजार आढळला नाही. तक्रारी मानसिक स्वरूपाच्या.' तो कार्यालयात दिला असता तर मला रेकॉर्डरूममध्ये धाडलं असतं, आणि वर कामचुकारपणाचा शिक्का बसला असता.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चारू, एवढे मोठे डॉक्टर सांगतायत. एकदा झोपेची गोळी घेऊन तर बघ."

हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. स्वभावानं गरीब. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. "तुम्ही शाळेत जा," म्हटलं आणि जुने रिपोर्ट घ्यायला तळमजल्यावरच्या लॅबच्या खिडकीशी गेले.

खिडकीपुढच्या बाकावर शकीलाभाभी बसली होती. शकीला मुजावर, आमच्या आळीत बांगड्या भरायला यायची. तिनं माझ्या हातातला कागद बघितला आणि आपल्या हातातला वर केला.

"तुमचं पन काय निघालं न्हाई?"

"नाही."

"माझं बी न्हाई. पाच बार केलं. डॉक्टर म्हनतात, शकीला, तुझा नवरा गेला ना, म्हनून असं होतंय." ती माझ्याजवळ सरकली. "नवरा जाऊन सात वर्सं झाली, बाई. आग आत्ता लागलीय."

खिडकीत सबनीस होते. लॅबचे जुने तंत्रज्ञ, पन्नाशी उलटलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. माझे रिपोर्ट शोधता शोधता ते खालच्या आवाजात म्हणाले, "निघालं नाही असं नाही, बाई."

"म्हणजे?"

"प्लेटवर जंतू वाढतात ते आम्ही मोजतो. लाखाच्या वर गेले तर रिपोर्टात लिहायचं. लाखाच्या खाली असतील तर 'वाढ नाही' लिहायचं. तशी सूचना आहे."

"माझे किती होते?"

त्यांनी आत बघितलं, मग एक जाड नोंदवही उघडली आणि बोट खाली खाली नेलं. "चाळीस हजार. परत तीस हजार. साठ हजार. एकदा दहा हजार. दोनदा मिश्र वाढ, म्हणजे निरनिराळे जंतू एकत्र, ती नमुना खराब म्हणून सोडून दिली. खरं म्हणजे दुसरा नमुना मागवायला हवा होता. बाकी दोनदा खरंच काही नाही, पण तेव्हा तुमच्या गोळ्या चालू होत्या."

मी खिडकीचा गज धरला. अडीच वर्षं मला सांगितलं होतं की काही नाही. आणि इथं, माझ्या नावापुढं, निळ्या शाईत आकडे होते.

"हे मला लिहून द्या."

"मला देता येणार नाही. नोकरीचा प्रश्न आहे." सबनीसांनी वही मिटली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पण पेशंटनं रीतसर अर्ज केला तर त्याचे कागद द्यावेच लागतात. तुम्ही कोर्टातल्या. नकलेचा अर्ज कसा करायचा ते मी तुम्हाला काय सांगू?"

मी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. एक माझा आणि एक शकीलाभाभीचा. तिनं उर्दूत सही केली. चौथ्या दिवशी शिक्क्यासकट उतारे हातात पडले. तिचे आकडेही लाखाच्या खालीच होते. सगळ्यात मोठा ऐंशी हजार.

ते बघून तिनं विचारलं, "म्हंजे मी येडी न्हाई?"

"नाही."

"मग आनखी कोन कोन येडी न्हाई ते बघू या का? मला घरं ठावं हायेत. बांगड्या भरताना बायका सगळं बोलतात."

पुढचे नऊ दिवस आम्ही फिरलो. कोर्ट सुटल्यावर मी आणि ती, कधी रिक्षानं, बहुतेक पायी, आणि वाटेत कुणाकुणाच्या घरी थांबत थांबत. ती दारात हाक मारायची आणि मी वही काढायचे. बोलणं लघुलिपीत घ्यायचं, घरी येऊन टाइप करायचं, दुसऱ्या दिवशी जाऊन त्या बाईला वाचून दाखवायचं आणि तिनं "बरोबर आहे" म्हटल्यावरच सही घ्यायची. कोर्टात करत होते तसंच.

सही न करणाऱ्याही भेटल्या. एका शिक्षिकेनं चहा केला, दीड तास सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "घरी कळलं तर चालणार नाही." तिचा कागद मी तिच्यासमोर फाडला.

हौसाबाई लोंढे अडुसष्ट वर्षांच्या. त्यांनी सांगितलं, "सहा वरसं झाली, म्या लेकीच्या घरी मुक्कामाला गेली न्हाई. तिचं अंथरूण खराब हुईल म्हनून." अंगठा उठवताना त्यांनी विचारलं, "ह्यानं माजं बरं हुईल का?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही. "मंग कशापायी?" "तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हे कागदावर यावं म्हणून." त्यांनी विचार केला आणि अंगठा जोरात दाबला.

ऋतुजा बावीस वर्षांची होती. लग्नाला अकरा महिने झाले होते आणि त्यातले पाच तिनं माहेरी काढले होते. सासरच्यांनी हॉस्पिटलचे कागद बघितले आणि ठरवलं की एक तर पोरगी नाटकं करते, नाही तर लग्नाआधीचंच काहीतरी वाईट दुखणं आहे. ती बोलत असताना तिची आई स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी होती. ऋतुजा सारखी म्हणत होती, "काकू, हे लिहू नका. नाही, लिहा. नको. लिहा."

तिचा जबाब टाइप करताना मला ताप आला. थंडी भरून आली, कंबर धरली. मी पडून राहिले. उठले तेव्हा हे टाइपरायटरपाशी बसले होते आणि माझी वही त्यांच्यापुढं उघडी होती. लघुलिपी त्यांना वाचता येत नव्हती, पण टाइप केलेले कागद त्यांनी वाचले होते. सगळे.

"या पोरीला तिचा नवरा म्हणाला, नाटकं बंद कर, तुला काही झालेलं नाही. ते वाचलं," हे म्हणाले. बराच वेळ ते कागदाच्या कडा सारख्या करत बसले. "मी तुला तेच म्हणालो होतो ना? जरा बऱ्या शब्दांत."

"हो."

"पुढचं तू सांग. मी टाइप करतो. दोन बोटांनी का होईना."

असे अकरा जबाब झाले, माझा बारावा. मी ते सगळे एका अर्जाला जोडून नोंदवहीच्या उताऱ्यांसह हॉस्पिटलच्या विश्वस्त मंडळाला पाठवले. मागण्या तीनच होत्या. त्रास असलेल्या बाईच्या नमुन्यात जे वाढलं, त्याचा आकडा रिपोर्टात लिहावा. मिश्र वाढ आली तर नमुना टाकून न देता दुसरा मागवावा. आणि शरीर पूर्ण तपासल्याशिवाय कुणाच्याही कागदावर 'मानसिक' हा शब्द लिहू नये.

मंडळाचं उत्तर आलं. बुधवारी अकरा वाजता मी यावं, सोबत एक नातेवाईक चालेल, 'इतरांना आणू नये'.

बुधवारी मी रजा टाकली आणि पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात हे आणि मी गेलो. बाकीच्या अकरा जणींनी यावं असं मी सांगितलं नव्हतं. पण जिन्यावर बघते तर शकीलाभाभी सगळ्यात पुढं, तिच्यामागं हौसाबाई कठड्याला धरून चढतायत आणि शेवटी ऋतुजा, आईचा हात धरून.

"आत न्हाई येत आमी," शकीलाभाभी म्हणाली. "आमी पॅशेजमधे बसतो. पॅशेजमधे बसायला काय बंदी न्हाई."

आत मोठं टेबल. मधोमध अध्यक्ष वसंतराव शेटे, त्यांची गावात तेलाची गिरणी होती. दोन्ही बाजूंना चार विश्वस्त, सगळे पुरुष. कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला हॉस्पिटलचा म्हातारा कारकून. उजवीकडं डॉक्टर हेर्लेकर, आणि भिंतीला लागून सबनीस, मांडीवर नोंदवही घेऊन.

"कोठावळे बाई," शेटे गोडीनं म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या. आपल्याच गावचं हॉस्पिटल आहे. गैरसमज असतात, बसून मिटवायचे असतात. अर्ज मागं घ्या, तुमच्या औषधाचं आम्ही बघतो."

"माझ्या एकटीच्या?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.

"लाखाच्या खालची वाढ संसर्ग म्हणून धरायची नाही, हे मी मनानं ठरवलेलं नाही. हे आम्हाला शिकवलेलं आहे. प्रत्येकीला औषधं देत सुटलो तर उद्या खऱ्या पेशंटला एकही औषध लागू पडणार नाही. ही जबाबदारी माझी आहे, बाई. तुमची नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते.

"औषध मागायला मी आलेलीच नाही," मी म्हटलं. "द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण साठ हजार दिसले तर साठ हजार लिहा. काय करायचं त्याचा विचार तरी करता येईल. दिसलेलं पेशंटला सांगायचं नाही, हेही शिकवलंय का?"

"सबनीस," शेटे म्हणाले, "बाई म्हणतात ते आकडे खरे आहेत?"

सबनीस उठले. त्यांनी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. "साहेब, वहीत आहेत ते माझ्या हातचे आहेत. खरे आहेत."

शेट्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर जरा तापले होते.

"ठीक आहे, आकड्यांचं बघू. पण यांच्या जबाबात लिहिलंय की मी पेशंटचा अपमान केला. मी पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. कुठल्याही बाईशी मी अनादरानं बोललेलो नाही."

मी वही उघडली. "एकोणीस जुलै, बुधवार. 'घर रिकामं झालं की या वयात बायकांचं असं होतं. शरीरात काही नसतं, डोक्यात असतं. कुणीतरी आपल्याकडं बघावं, एवढंच हवं असतं त्यांना.'"

"मी असं म्हणालो नाही."

"वहीत आहे."

"त्या रेघोट्या कुणाला वाचता येतात? तुम्ही काहीही वाचाल." ते यांच्याकडे वळले. "सर, तुम्ही होतात ना तिथं? तुम्ही समजूतदार आहात. तुम्हीच सांगा, मी असं बोललो का?"

खोलीतले सगळे यांच्याकडं बघायला लागले. सगळ्या वर्गापुढं उभा राहून बोलणारा हा माणूस, पण मोठ्या माणसापुढं त्यांची मान नेहमी खाली जायची. ती तेव्हाही खाली गेली. मग त्यांनी ती वर केली.

"बोललात," हे म्हणाले. "शब्दन् शब्द असाच. आणि माझ्याकडं बघून बोललात, तिच्याकडं नाही. मी हसलोसुद्धा. त्याची मला लाज वाटते."

आणि नेमकं तेव्हाच मला ती कळ आली. ओटीपोटातून मांडीपर्यंत उतरलेली. जूनमध्ये आली होती तशीच. मला वाटलं, दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं काढू. आत्ता उठलं तर हातातलं सगळं जाईल, ही माणसं म्हणतील, बघा, सगळं लक्ष तिकडंच. मी टेबलाची कड धरली.

"तर मग, बाई," शेटे म्हणाले, "पुढच्या मुद्द्याकडं—"

मी उभी राहिले.

"थांबा. मला लघवीला जायचं आहे."

त्या खोलीत तो शब्द असा मोठ्यानं पूर्वी कुणी उच्चारला नसावा. एका विश्वस्तानं खिडकीबाहेर बघितलं.

"मी येईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही आणि काही लिहायचं नाही," मी कारकुनाला म्हटलं. "मी तक्रारदार आहे. माझ्यामागं काही होता कामा नये."

"खाली जनरल वॉर्डापाशी आहे," शेटे म्हणाले.

"खाली पोचणार नाही मी."

सभागृहाच्या शेजारीच एक दार होतं. त्यावर पाटी होती, 'फक्त विश्वस्त मंडळासाठी'. मी पॅसेजमधून तिकडं निघाले तशी शकीलाभाभी उठली.

"ताई, पाटी हाय."

"मला वाचता येतं," मी म्हटलं आणि दार उघडलं.

आत पांढरी स्वच्छ फरशी होती, नळाला पाणी होतं, साबण होता, कडी नीट लागत होती. मी घाई केली नाही. हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं. बाहेर आले तर शकीलाभाभी दाराशी उभी होती.

"मी बी जाते," ती म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा दाराशी हौसाबाई उभ्या होत्या. मग ऋतुजा. मग बाकीच्या. अकराच्या अकरा जणी, एकीमागून एक, रांगेनं. सभागृहाचं दार उघडं होतं आणि आतल्यांना सगळं दिसत होतं. दाराची कडी लागायची, पाण्याचा आवाज यायचा, कडी निघायची, दुसरी आत जायची. पस्तीस मिनिटं सहा मोठी माणसं खुर्चीत बसून राहिली. वाट बघणं म्हणजे काय असतं, ते मला वाटतं त्या दिवशी त्यांना थोडंसं कळलं.

मग आम्ही बाराही जणी आत गेलो. इतरांना आणू नये, असं आता कुणी म्हणालं नाही. ऋतुजानं स्वतःचा जबाब स्वतः वाचला. नवऱ्यानं काय म्हटलं त्या ओळीला अडली, थांबली, आणि परत पहिल्यापासून वाचून ती ओळ पूर्ण केली. डॉक्टर तिच्याकडंच बघत होते. तिचं वाचून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "शेवटचा नमुना कधी दिला होतास?" मंडळाच्या ठरावापेक्षा मला तो प्रश्न मोठा वाटला. त्यांनी माफी कधीच मागितली नाही. पण तिला प्रश्न विचारताना त्यांनी तिच्या आईकडं बघितलं नाही, तिच्याकडंच बघितलं.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. दिवाळीनंतर लॅबच्या कागदावर आकडे यायला लागले. माझ्या दाखल्यातलं ते वाक्य काढून डॉक्टरांना दुसरा दाखला द्यावा लागला, आणि कोर्टात मला तासाला पाच मिनिटं मिळाली. पट्टेवाल्याकडची किल्लीही मी मागून घेतली. शकीलाभाभी चार महिन्यांत बरी झाली. मला पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडं वर्षभर उपचार घ्यावे लागले. बरी आहे, पण पूर्ण नाही. वर्षातून एखाददा ते परत येतं आणि मी त्याला ओळखते. हौसाबाईंचं दुखणं जंतूंचं नव्हतंच. नीट तपासलं तेव्हा मूत्राशयात आवळ्याएवढा खडा निघाला. सहा वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या लेकीकडं पंधरा दिवस राहून आल्या.

आणि ऋतुजाचा एक दिवस फोन आला. "काकू, कागदावर आकडा आलाय. पस्तीस हजार." ती हसत होती. म्हणाली, हा कागद घेऊन सासरी चाललेय. मी घाबरले. म्हटलं, "नीट विचार कर गं. राहायला जातेस का?" ती म्हणाली, "राहायला नाही काकू. दाखवायला." कागद दाखवून ती त्याच दिवशी परत आली. आता ती मिरजेत नर्स आहे.

पण त्या बुधवारचं एक सांगायचं राहिलं.

बैठक संपली, चहा आला आणि कारकुनानं इतिवृत्त वाचून दाखवायला सुरुवात केली. मागण्या लिहिल्या होत्या, मंडळानं त्या मान्य केल्याचंही लिहिलं होतं. शेवटी त्यानं वाचलं, "डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर तक्रारदारांचे पूर्ण समाधान झाले."

"ते खोडा," मी म्हटलं.

"अहो बाई," शेटे कप खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या सगळ्या मागण्या मान्य केल्या. आता एक वाक्य. अशी पद्धत असते."

"अठरा वर्षं मी लोकांची वाक्यं लिहून घेतेय, साहेब. माणूस जे बोलला नाही ते त्याच्या नावावर लिहायचं नसतं."

शेट्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर कपात बघत होते. शेटे कारकुनाला म्हणाले, "खोडा."

कारकुनानं रेघ मारली आणि पेन उचलून माझ्याकडं बघितलं. "मग काय लिहू, बाई?"

"लिहा," मी म्हटलं. "तक्रारदारांचे समाधान झालेले नाही. पूर्णविराम."

त्यानं लिहिलं. मी खाली सही केली. माझ्यामागून शकीलाभाभी पुढं आली आणि तिनं पेन मागितलं. मग हौसाबाईंनी अंगठा पुढं केला. मग ऋतुजा, मग बाकीच्या. पानावर जागा उरली नाही, तेव्हा कारकुनानं न विचारता पान उलटलं.